खिंडीचा चढ आणि मागची दोन चाकं

सोमवार, ४

वजन ५१.६. पाणी पाऊण लिटर.

हॉस्पिटलच्या नर्सबाईंनी हिचं रोजचं वजन आणि पाणी लिहायला वही दिली आहे. दोन आकडे लिहिले की बाकी पान कोरंच राहतं, आणि आज मला कुणावर तरी ओरडायचं आहे. घरात आम्ही दोघंच. बायकोवर ओरडावं तर ही हसते. म्हणून वहीवर ओरडतो.

आज आम्ही हॉस्पिटलला पोचलोच नाही. हिच्या किडन्या बसून दीड वर्ष झालं. सोमवारी आणि गुरुवारी खिंड ओलांडून पलीकडच्या गावात डायलिसिसला न्यायचं, चार तास मशीनवर, मग परत. खाणवाल्यांनी नवे सुरुंग लावल्यापासून खिंडीच्या चढावर झरा फुटला आहे आणि चढाची डावी बाजू कायम चिखलात असते. आमची जीप जुनी. पुढच्या चाकांना जोर मिळणं आठ वर्षांपूर्वीच बंद झालं, त्याचे भाग आता मिळत नाहीत. सगळा भार मागच्या दोन चाकांवर, आणि त्या दोघांच्या मधे डिफरन्शियल.

ज्याने हे यंत्र काढलं तो हुशार होता, यात वाद नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं, आतल्याला कमी, म्हणून हे दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतं. पण एक चाक चिखलात गेलं की सगळं फिरणं त्यालाच देऊन टाकतं. ते गरगरत बसतं, आणि कोरड्या दगडावरचं दुसरं चाक लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं नुसतं बघत राहतं.

तीनदा मागे घेऊन पळवत आणली. तिसऱ्यांदा गाडी आडवी होऊन दरीच्या बाजूला सरकली तेव्हा मी इंजिनच बंद केलं. ही मात्र हसली. "चला, आज सुट्टी," म्हणाली.

"सुट्टी कसली? अंगात पाणी साठेल."

"साठू दे. घरी चला, मी चहा करते."

मी चिडलो, मग वाईट वाटलं, मग पुन्हा चिडलो. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या चिखलातून काढल्या आणि स्वतःच्या बायकोला एक चढ चढवता येत नाही. हॉस्पिटलला फोन करून उद्याची वेळ मागून घेतली आहे.

मंगळवार, ५

वजन जाताना ५२.३, येताना ४९.९.

चढलो. हँडब्रेकची युक्ती केली. हँडब्रेक तीन दाते वर ओढून ठेवायचा आणि वर ॲक्सिलरेटर दाबायचा. गरगरणारं चाक जरा अडलं की डिफरन्शियल फसतं आणि थोडा जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. ब्रेकमधून जळका वास यायला लागला, पण दुसऱ्या खेपेत वर गेलो.

"अहो, आपण गाडी चालवतोय की थांबवतोय?" हिने विचारलं.

"दोन्ही."

"तुमचा स्वभावच आहे तो."

ही मशीनवर असताना मी भंगारवाल्याकडे जाऊन आलो. हँडब्रेकवर किती दिवस काढणार, कायमची सोय हवी. डॉक्टरीणबाईंनी आज आम्हा दोघांना बसवून बोलायचं ठरवलं होतं म्हणे. मी पोचेपर्यंत त्या दुसऱ्या वॉर्डात गेल्या होत्या. काय म्हणाल्या विचारलं तर ही म्हणाली, "काही विशेष नाही, गोळ्या बदलल्यात." येताना हिने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं झोपली, पण प्रत्येक खड्ड्याला दाराची दांडी घट्ट धरत होती.

गुरुवार, ७

वजन जाताना ५१.८. येताना लिहायचं राहिलं.

काल दिवसभर खपून दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळा ब्रेक केला. गिअरच्या बाजूला दोन दांड्या: जे चाक गरगरेल त्याची दांडी ओढायची. कल्पना झकास, पण माणसाला हात दोनच. डावी दांडी ओढू की गिअर बदलू की स्टिअरिंग धरू? ही म्हणाली, "मी ओढते." ओढलीही, पण जोर कुठून आणणार? हात बघितले तर काड्या झाल्यात. ज्या हाताला सुया टोचतात त्याच हाताने ओढत होती, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. आठव्या खेपेला वर पोचलो आणि वर पोचल्यावर हिला उलटी झाली.

मशीनवर हिचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं, मशीन दोनदा थांबवावं लागलं. मी तेव्हा ब्रेकचं सामान बघायला बाहेर होतो. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी ठेवली होती, "सोमवारी यजमानांनी कृपया थांबावं." सोमवारी नक्की.

येताना ही म्हणाली, "पुढच्या खेपेला नको जाऊया."

मी म्हणालो, "दोन दिवस दे मला. असा चढवतो की कपातला चहा हिंदकळणार नाही."

हिला धक्के सोसत नाहीत, ते माझ्या लक्षात आलं आहे. ब्रेकची खटपट पुरे. आता डिफरन्शियल लॉकच करायचं.

शनिवार, ९

वजन ५१.१. पाणी अर्धा लिटर.

हिची मोठी बहीण आली आहे. खिंडीपलीकडे हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत राहतात. तीन महिन्यांपूर्वी मीच सुचवलं होतं की हिने ताईंकडे राहावं, म्हणजे रस्त्याचा प्रश्नच मिटला. ही म्हणाली होती, "माझ्या घरातून मला हलवू नका." तो विषय तिथेच संपला. आज ताई दोन पिशव्या घेऊन आल्या, चांगल्या आठवडाभराच्या तयारीने. स्वयंपाकघरात दोघींची कुजबुज चालू होती, मी गेलो की गप्प. बहिणी बहिणींचं असतं काहीतरी, मी मधे पडत नाही.

लेकीचाही फोन आला. पुढच्या आठवड्यात येते म्हणाली, सुट्टी शिल्लक आहे. ऑफिसने सुट्टी उरवू दिली हेच नवल. बरं झालं, हिला करमेल.

दुपारी हिने मला कपाटापुढे उभं केलं आणि कुठल्या खणात काय आहे ते दाखवलं. जाड पांघरुणं, विमा, घराचे कागद, माझे हिवाळी मोजे. मी म्हणालो, "मला कशाला? तू आहेस ना सांगायला." ही म्हणाली, "एकदा बघून तर ठेवा." मी बघितलं. सगळं लक्षात राहिलं असं नाही, डोक्यात वेल्डिंगचं चाललं होतं.

डिफरन्शियलच्या पोटात चार लहान दातेरी चाकं एकमेकांवर फिरतात. ती फिरतात म्हणूनच मागच्या दोन चाकांना वेगळं फिरता येतं. त्यांचे दात वेल्डिंगने भरून टाकले की झालं, दोन्ही चाकं एकाच दांड्याला ठोकल्यासारखी बरोबर फिरणार. एक चिखलात गेलं तरी दुसरं ओढणारच. गरिबाचं लॉक म्हणतात त्याला.

रविवार, १०

वजन ५१.९.

आमचं गॅरेज खाली आणि घर वर. हिला काही हवं असेल तर ही जमिनीवर काठी आपटते, मला खाली छतातून ऐकू येतं. आज मागचं झाकण काढून, तेल पुसून, गाडीखाली उताणा पडून वेल्डिंगला सुरुवात करणार तोच काठी वाजली. तीनदा. "आलोच!" ओरडलो, वेल्डिंगचा करंट परत नेणारा अर्थिंगचा चिमटा हाताशी आलं तिथे लावला आणि म्हटलं एवढं उरकून जाऊ. एवढं उरकायला पाऊण तास गेला.

वर गेलो तर ही खिडकीशी. "गेले," म्हणाली. बगळ्यांचा थवा गेला होता म्हणे, मोजता येणार नाही एवढा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ताईंनी बघितला. मी म्हणालो, "उद्या परत जातील."

वेल्डिंग मात्र सुरेख झालं आहे.

सोमवार, ११

लिहायची लाज वाटते.

घरापासून एक मैलावर मागून आवाज सुरू झाला. आधी गुणगुण, मग रडं. चढाच्या पायथ्याशी येईपर्यंत इतका वाढला की वर न्यायची हिंमत झाली नाही. जॅक लावून चाक फिरवून बघितलं आणि कळलं. काल मी चिमटा ब्रेकच्या ड्रमला लावला होता. म्हणजे वेल्डिंगचा सगळा करंट चाकाच्या बेअरिंगमधून गेला. आत ठिणग्या उडतात, पोलादाला बारीक खड्डे पडतात, बेअरिंग कामातून जातं. जिथे वेल्डिंग करायचं त्याच तुकड्याला चिमटा लावायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. याच चुकीसाठी मी किती जणांना गॅरेजमधून घालवलं असेल.

खाणीचा ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "वहिनींना मी सोडतो." माझ्या जिवावर आलं, पण ही केव्हाच उतरली होती. बरोबर आलेल्या ताईंनी आणि त्याने हिला वर चढवलं, ताई मागच्या बाजूला उभ्या राहिल्या. जाताना हिने राणीसारखा हात हलवला. मी गाडी ढकलत, रखडत घरी आणली आणि लगेच बेअरिंग उपसायला बसलो.

संध्याकाळी ट्रॅक्टरनेच परत आली. चेहरा मातीसारखा झाला होता. म्हणाली, "डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालं. नीट, सविस्तर."

"काय म्हणाल्या?"

"आधी सांगा, तुम्ही काही खाल्लंत का?"

नव्हतं खाल्लं. मग तेच झालं, ताईंनी ताट वाढलं, ही समोर बसून बघत राहिली. बोलणं राहून गेलं. ताई माझ्याकडे रागाने का बघत होत्या कळलं नाही. बेअरिंगचं त्यांना कुणी सांगितलं असेल?

गुरुवार, १४

वजन ५३.४. पावलं सुजली आहेत.

ट्रॅक्टरवाला सकाळीच दारात उभा होता, भला माणूस. हिने त्याला वरूनच हात जोडले. मला म्हणाली, "त्या दिवशी हाडं खिळखिळी झाली माझी. हा गुरुवार राहू दे." मी जरा ओरडलो, पण मनातून बरंच वाटलं. अख्खा दिवस हाताशी मिळाला. पहिलं वेल्डिंग घाईचं, त्यावर भरवसा नाही, म्हणून भंगारवाल्याकडून आणलेलं दुसरं डिफरन्शियल बाकावर खोलून ठेवलं आहे. या खेपेला सगळं बाहेर काढून, बाकावर, रीतसर.

दुपारी काय बघतो, तर ताईंच्या खांद्याला धरून ही जिन्याने खाली आली. वर्षभरात गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. स्टुलावर बसली. म्हणाली, "तुम्ही वर येत नाही, म्हणून मी खाली आले. दाखवा, काय चाललंय ते."

मी दाखवलं. एका हाताने एक चाक फिरवून दुसरं कसं उलटं जातं तेही दाखवलं. जी गोष्ट धडधाकट मदतनिसांना महिना महिना कळत नाही ती हिला एका फटक्यात कळली.

"म्हणजे वळताना एकाला जास्त चालावं लागतं, एकाला कमी."

"हो."

"आणि तुम्ही ते बंद करणार."

"दोघं कायम बरोबर फिरतील."

"मग वळण आलं की काय होईल?"

"एक चाक फरफटेल. टायर झिजेल, ॲक्सलवर ताण येईल. पण चढ चढेल ना!"

ही बराच वेळ त्या दातांवरून बोट फिरवत बसली. बोटाला ग्रीस लागलं ते पुसलंही नाही. मग म्हणाली, "तुम्हाला फार त्रास होतो ना, कुणाला वेगळं जायचं असलं की."

मी म्हणालो, "चाकं आहेत ती, त्यांना कसलं जायचंय." ही हसली. मला फार बरं वाटलं, किती दिवसांनी दोघं असे गॅरेजमध्ये बसलो होतो. लग्नानंतर पहिल्या वर्षी रोज बसायची, पाने हातात द्यायची. दहा नंबरचा मागितला की बारा द्यायची. आजही बाराच दिला.

शुक्रवार, १५

वजन केलं नाही. ही नको म्हणाली.

आज वेल्डिंग केलं. आधी शेगडीवर सगळं तापवलं, थुंकी चुरचुरेल इतकं. थंड पोलादाला वेल्डिंग धरत नाही, वरून छान दिसतं आणि जोर आला की तडकतं. चिमटा त्याच तुकड्याला लावला, दोनदा तपासला. एका बाजूला एक थर, मग दुसऱ्या बाजूला, म्हणजे वाकडं ओढलं जात नाही. मग लगेच कोरड्या वाळूच्या पिंपात पुरून टाकलं. हळूहळू निवायला हवं, उद्या दुपारपर्यंत हातही लावायचा नाही.

काठी दोनदा वाजली. पहिल्यांदा हातात रॉड पेटलेला होता. दुसऱ्यांदा गेलो, तर झोप लागली होती. ताई दाराबाहेर उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, थोडं बसा तिच्याजवळ." मी म्हणालो, "ताई, सोमवारी तिला न्यायचंय ना? त्यासाठीच तर चाललंय." त्यांनी तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या.

रविवार, १७

चढली!

नवं बेअरिंग, नवं तेल, सगळं बसवलं आणि एकटाच घेऊन गेलो. मुद्दाम पायथ्याशी थांबलो, पळवत न आणता पहिल्या गिअरमध्ये सोडली. डावं चाक झऱ्यात गेलं, आणि उजव्याने ओढलं. नुसतं ओढलं! घोरत घोरत, कुठेही न थांबता वर. वरच्या वळणावर मात्र पुढची चाकं वळवली तरी गाडी सरळच जायला बघते, मागचं चाक फरफटतं. आवाज होतो, पण वेगाने गेलं नाही तर धोका नाही. वर एकटाच उभा राहून मी टाळ्या वाजवल्या. साठाव्या वर्षी.

घरी येऊन जिना दोन दोन पायऱ्या चढलो. ही झोपली होती. उशा तीन केल्या आहेत, आडवं झालं की दम लागतो. अंगात पाणी चढलं आहे, उद्या उतरेल. उद्या हिला गाडीत खिडकीकडे बसवतो, म्हणजे चाक झऱ्यातून वर कसं येतं ते दिसेल.

सोमवार, १८

पहाटेच उठून गाडीत गादी घातली. ताई नको म्हणत असतानाही ही तयार झाली, आवडती निळी साडी नेसली. मला वाटलं गाडीच्या कौतुकाने. मी वाटेत बडबड करत होतो. तीन पद्धती का फसल्या, चौथी का जमली. ही ऐकत होती.

चढाच्या पायथ्याशी गिअर टाकणार, तेवढ्यात हिने माझ्या हातावर हात ठेवला. "थांबा. बंद करा गाडी."

बंद केली.

"मी आता जाणार नाही मशीनवर. परत कधीच नाही. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलंय. ताईला माहीत आहे, लेकीला माहीत आहे. तुम्हाला सांगायला पंधरा दिवस झाले वाट बघतेय. घरात तुम्ही सापडत नाही, गाडीखाली असता. म्हटलं गाडीतच सांगावं."

मी म्हणालो, "रस्त्याचा त्रास होता ना? आता नाही होणार. बघ तर एकदा."

"रस्त्याचा नव्हता हो."

"एकदा वर तरी येऊन बघ. वरून परत वळू."

"वर गेलो की तुम्ही पलीकडे उतरवाल. मी ओळखत नाही का तुम्हाला?"

खरं होतं. उतरवलीच असती.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. स्वार्थी म्हणालो, ते लिहितो. हिने ऐकून घेतलं. म्हणाली, "हृदय दमलंय. मशीनवर प्रत्येक वेळी बुडाल्यासारखं होतं, आणि वर आले की पुढच्या बुडण्याची भीती. मला घरी बसायचंय. तुमच्याजवळ. किती दिवस मिळतील तेवढे."

मग मी गाडी वळवली. अरुंद रस्ता आणि मागची चाकं जखडलेली, पुढे मागे, पुढे मागे, टायर रडत होते. नऊ वेळा करावं लागलं. मी पण रडत होतो, त्यामुळे दहा वेळा झालं असेल.

मंगळवार, १९

सकाळी खाली गॅरेजमध्ये जाऊन बसलो. काहीच केलं नाही. ताई चहा घेऊन आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. सगळं सांगितलं. चार तारखेला गाडी चढली नाही तेव्हाच हिने ताईंना फोन केला होता, "आज किती हलकं वाटलं म्हणून सांगू." डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला. मशीन आणि औषधं चालू ठेवली तरी फार तर तीन महिने, तेही हॉस्पिटलात पडून, असं त्या म्हणाल्या होत्या. तिन्ही वेळा मी सामान आणायला किंवा दुरुस्तीला गेलेला.

"ती म्हणायची, त्यांचं लॉक होऊ दे, मग सांगते. मधेच सांगितलं तर हात कापून घेतील." ताई म्हणाल्या.

मी वर गेलो. ही जागी होती. विचारलं, "काही हवंय?"

"पाणी. पूर्ण भांडं. आणि मोजू नका."

भांडं भरून दिलं. दीड वर्षांनी ही घटाघटा पाणी प्यायली, हनुवटीवरून ओघळलं तरी थांबली नाही. मी पुसलं.

बुधवार, २०

लेक आली. एकच बॅग, परतीची तारीख नाही. आता मला न सांगता कळतं.

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, ट्रॅक्टरवर बसून. दम लागला तर द्यायचं औषध लिहून दिलं. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही पळून जात नव्हता, प्रयत्न करत होता." मला माहीत आहे मी काय करत होतो. वेल्डिंग जमतं मला. हे जमत नाही, म्हणून जे जमतं त्याच्याखाली जाऊन झोपलो.

गुरुवार, २१

दिवसभर खिडकीशी. हिला मधे मधे झोप येते, जागी झाली की गोष्टी सांगते. आमच्याच, मी विसरलेल्या. मी मुलीच्या जन्माच्या दिवशी हॉस्पिटलबाहेर एका डॉक्टरांची गाडी दुरुस्त करत होतो, हे लेकीला आजच कळलं. तिघी मिळून मला हसल्या.

दुपारी ही म्हणाली, "जा, चढून दाखवा ना. खिडकीतून दिसतो चढ. मी बघते."

वीस मिनिटांचं काम होतं. किल्ली खिशातच होती.

मी म्हणालो, "नको. मी इथेच बसतो."

हिने माझ्याकडे बघितलं, मग माझा हात ओढून गालाखाली घेतला आणि झोपली. हाताला मुंग्या आल्या तरी मी हलवला नाही. दोन तास.

शनिवार, २३

जास्त झोपच. एकदा डोळे उघडून मला "दादा" म्हणाली, तिला भाऊ वाटलो. दुसऱ्यांदा ओळखलं. म्हणाली, "अहो, मोजे वरून दुसऱ्या खणात."

रविवार, २४

सकाळी सव्वाअकरा. मी जवळ होतो. लेक आणि ताई पण. त्रास झाला नाही.

बुधवार, २७

तीन दिवस लिहिता आलं नाही. आज लिहून वही बंद करतो.

रविवारी दुपारीच हिला पलीकडच्या गावाला न्यायचं होतं, स्मशान तिकडेच आहे. गाडी पाठवतो असं हॉस्पिटल म्हणत होतं, पण ती या चढावर आलीच नसती. ट्रॅक्टरवाला टोपी हातात धरून दारात उभा होता. मी म्हणालो, "माझ्या गाडीतून नेतो." मागच्या सीट काढल्या. गादी घातली. निळी साडी होती. ताई आणि लेक दोन्ही बाजूंना हिला धरून बसल्या.

मला भीती होती की मला चालवता येणार नाही, पण हातांना सवय असते. पायथ्याशी थांबलो, पहिला गिअर टाकला आणि सावकाश सोडली. डावं चाक झऱ्यात गेलं. उजव्याने ओढलं. एकही धक्का नाही, कुठे घसरणं नाही. मी ऐकत होतो, चिखलाचा आवाज, इंजिनाचा आवाज, बस. एका दमात वर.

वर सपाटीला लागलो, आणि मी मागे वळून म्हणालो, "बघितलंस?"